उजेडाचं वेळापत्रक

नॉर्वेच्या किनाऱ्यावर जहाजाने जायचं ठरलं की घरातला पहिला प्रश्न थंडीचा असतो. ‘उणे किती असेल?’ हा प्रश्न रास्त आहे, पण त्यावरून महिना ठरवला तर फसगत होते. ट्रॉम्सो हे गाव आर्क्टिक वृत्ताच्याही बरंच उत्तरेला, जवळजवळ ७० अंशांवर आहे. तरीही तिथलं जानेवारीचं सरासरी तापमान उणे तीन-चार अंशांच्या आसपास असतं आणि जुलैचं बाराच्या. दक्षिणेकडच्या बर्गनला जानेवारीत दोन अंश, जुलैत पंधरा. अटलांटिकमधून वर सरकणारा कोमट सागरी प्रवाह आणि त्याची ऊब घेऊन येणारे नैर्ऋत्येचे वारे या किनाऱ्याला गोठू देत नाहीत. त्याच अक्षांशावर ग्रीनलंड बर्फाखाली दबलेलं असतं आणि इथली बंदरं बाराही महिने उघडी असतात.

म्हणजे बहुतेक किनाऱ्यावर उन्हाळा आणि हिवाळा यांच्यातला फरक पंधरा-सोळा अंशांचा. तो दोन जास्तीच्या कपड्यांनी भरून निघतो. उजेडाचं तसं नाही. जूनमध्ये ट्रॉम्सोत सूर्य चोवीस तास क्षितिजाच्या वर असतो आणि डिसेंबरमध्ये एक मिनिटही नाही. जहाजाच्या काठाशी उभं राहून दिवसभर किनारा पाहणं हाच ज्या प्रवासाचा उद्देश, त्याचा महिना उजेडाच्या हिशेबानेच ठरवायला हवा. हा किनारा मी जूनच्या सुरुवातीला पाहिला आणि नंतर मार्चच्या दुसऱ्या पंधरवड्यातही. तीच बंदरं, तोच मार्ग, पण दोन वेगळे देश पाहिल्यासारखं वाटलं.

मार्ग असा: बर्गनहून निघायचं आणि रशियाच्या सीमेलगतच्या किर्केनेसपर्यंत जायचं. वाटेत ३४ बंदरं. जाऊन-येऊन बारा दिवस लागतात. या मार्गाला ‘हुर्टिग्रुटेन’ म्हणतात. त्याच नावाच्या कंपनीची सात आणि हाविला कंपनीची चार जहाजं मिळून इथे रोजची सेवा देतात. ही जहाजं निव्वळ पर्यटकांची नव्हेत. रात्री दोन वाजताही एखाद्या लहानशा धक्क्याला जहाज लागतं, क्रेन खोकी उतरवते, पाठीवर पिशवी टाकलेला एखादा मुलगा घरी परतत असतो आणि पंधरा मिनिटांत दोर सुटतात. क्रूझ म्हटल्यावर जो थाटमाट, नाचगाणी, जुगाराची टेबलं डोळ्यांसमोर येतात त्यातलं इथे काही नाही. करमणूक काय ती खिडकीबाहेर. त्यामुळे खिडकीबाहेर उजेड किती, याला अधिकच महत्त्व.

ही सेवा सुरू झाली तीही ऋतूंच्या जाचातून. एकोणिसाव्या शतकात ट्रॉन्डहाइमहून हामरफेस्टला पाठवलेलं पत्र उन्हाळ्यात तीन आठवड्यांनी आणि हिवाळ्यात पाच महिन्यांनी पोहोचायचं. मोजकी दीपगृहं, अपुरे नकाशे, खडकांनी भरलेला किनारा. त्यामुळे काळोखाच्या महिन्यांत जहाज हाकायला कोणी धजावत नसे. रिचर्ड विथ या कप्तानाने आपल्या वाटाड्याच्या मदतीने वर्षानुवर्षं दिशा, वेग आणि वेळ यांच्या नोंदी ठेवल्या होत्या. होकायंत्र आणि घड्याळ असेल तर अंधारातही जाता येईल, हा त्याचा दावा. २ जुलै १८९३ रोजी त्याचं ‘वेस्टेरोलेन’ हे जहाज ट्रॉन्डहाइमहून हामरफेस्टला निघालं आणि उत्तरेचं टपाल महिन्यांवरून दिवसांवर आलं. आज आपण ऋतू ‘निवडतो’, ही चैन त्या नोंदवहीमुळे परवडते.

बर्गनला पाऊस वर्षाला सुमारे २२५० मिलिमीटर पडतो. पण आपल्यासारखा चार महिन्यांत कोसळून मोकळा होत नाही. वर्षभर हप्त्याहप्त्याने येतो. त्यातल्या त्यात एप्रिल ते जून हे कोरडे महिने. सप्टेंबर उजाडला की जोर वाढतो आणि तो थेट जानेवारीपर्यंत टिकतो. मे महिन्यात जवळच्या हार्डांगर फ्योर्डच्या उतारांवर सफरचंदाच्या आणि चेरीच्या बागा फुलतात, आणि १७ मे हा त्यांचा संविधानदिन. त्या दिवशी गावोगाव पारंपरिक पोशाखातल्या मुलांच्या मिरवणुका निघतात. मिलिटरी संचलन नाही, पुढाऱ्यांची भाषणबाजी फारशी नाही, पोरं झेंडे घेऊन पुढे आणि सगळं गाव मागे. बर्गनमध्ये हा दिवस गाठून मग जहाज पकडणं हा मे महिन्याचा खास फायदा.

जहाज रात्री सुटतं आणि दुसऱ्या दिवशी ऑलेसुंड येतं. २३ जानेवारी १९०४ च्या पहाटे लागलेल्या आगीत हे लाकडी गाव जवळजवळ पूर्ण जळालं आणि पुढच्या काही वर्षांत दगडविटांनी, त्या काळी नव्या असलेल्या आर्ट नूवो शैलीत उभं राहिलं. बुरूज, मनोरे, दारांवरची दगडी फुलं कुठल्याही महिन्यात पाहता येतात. ऋतूचा प्रश्न येतो तो इथून आत वळताना. गाईरांगर फ्योर्डमध्ये ही जहाजं फक्त उन्हाळ्यात, साधारण जून ते ऑगस्ट जातात. २००५ पासून हा फ्योर्ड जागतिक वारसास्थळ आहे. दोन्ही बाजूंनी सरळ उभे कडे, त्यांच्या खांद्यावर कधीच सोडून दिलेली शेतघरं, आणि ‘सात बहिणी’ नावाचा धबधबा. त्या बहिणी सातच्या सात पाहायच्या तर जून हवा. वरच्या पठारावरचा बर्फ वितळण्याचा हा काळ. पाणी नुसतं पडत नाही, कड्यावरून झेपावतं. ऑगस्ट अखेरीस त्यातल्या काही बहिणी रोडावतात. दुसरी बाजू अशी की जून-जुलैमध्ये जगभरची मोठमोठी क्रूझ जहाजं याच अरुंद फ्योर्डात गर्दी करतात आणि केबिनचे दरही तेव्हाच चढे असतात.

पुढे हुस्टाडविका. या मार्गाचा बराचसा भाग बेटांच्या आडोशाने जातो, त्यामुळे समुद्र लागण्याची भीती वाटते तितकी खरी नसते. पण काही पट्टे उघडे आहेत: बर्गननंतरचं स्टाड, हे हुस्टाडविका, ट्रॉन्डहाइमनंतरचं फोल्डा, बोडोपुढचा वेस्टफ्योर्ड आणि शेवटी बॅरेंट्स समुद्राची बाजू. ऑक्टोबर ते मार्च हा वादळांचा काळ. मार्च २०१९ मध्ये ‘व्हायकिंग स्काय’ हे मोठं क्रूझ जहाज याच हुस्टाडविकात वादळात इंजिनं बंद पडून खडकांच्या दिशेने वाहत गेलं होतं आणि शेकडो प्रवाशांना हेलिकॉप्टरने उचलावं लागलं. इथल्या रोजच्या जहाजांचे कप्तान हा समुद्र ओळखून असतात. हवा फारच बिघडली तर ते एखादं लहान बंदर गाळतात किंवा आडोशाला थांबतात. मार्चच्या फेरीत फोल्डा ओलांडताना जेवणघरातले पेले एका सुरात किणकिणत होते आणि निम्मी टेबलं रिकामी होती. ज्यांना बस लागते त्यांनी मे ते ऑगस्टमध्येच जावं, यापेक्षा वेगळा सल्ला माझ्याकडे नाही. इतर महिन्यांत जायचंच झालं तर केबिन खालच्या मजल्यावरची आणि जहाजाच्या मध्यावरची घ्यावी. तिथे हेलकावे कमी जाणवतात.

चौथ्या दिवशी सकाळी विकिंगेन नावाच्या बेटावरचा लोखंडी पृथ्वीगोल दिसतो. तिथे आर्क्टिक वृत्त ओलांडलं जातं, भोंगा वाजतो आणि मग डेकवर हौशी प्रवाशांच्या मानेतून बर्फाचे तुकडे सोडण्याचा समारंभ होतो. इथून पुढे उजेडाचे नियम बदलतात. बोडोत जूनच्या पहिल्या आठवड्यापासून जुलैच्या पहिल्या आठवड्यापर्यंत सूर्य मावळत नाही. ट्रॉम्सोत हा काळ २० मेच्या सुमारास सुरू होऊन जुलैच्या तिसऱ्या आठवड्यापर्यंत चालतो आणि त्याहून उत्तरेच्या नॉर्डकॅप या कड्यावर मेच्या मध्यापासून जुलै अखेरीपर्यंत. जितकं उत्तरेला जावं तितका सूर्याचा मुक्काम लांबतो.

जूनच्या फेरीत नाशिकचं एक निवृत्त जोडपं बरोबर होतं. बोडो सोडून वेस्टफ्योर्डमध्ये शिरलो तेव्हा संध्याकाळ झाली होती, पण ऊन तिरपं होऊन तसंच थांबलं होतं. काकूंनी घड्याळ पाहिलं, आकाश पाहिलं आणि काकांना विचारलं, “अहो, हा सूर्य काही बुडायचं नाव घेत नाही. तिन्हीसांजेचा दिवा लावायचा तरी कधी?” काकांनी गंभीरपणे सांगितलं, “जुलैच्या शेवटी.” गमतीचा भाग सोडला तर अडचण खरी आहे. रात्री साडेअकराला स्वच्छ ऊन असताना झोपायला जाणं मनाला पटत नाही, आणि तीन दिवसांत माणूस थकतो. केबिनचे पडदे जाड असतात, पण ते ओढायची शिस्त स्वतःलाच लावून घ्यावी लागते. बरोबर डोळ्यांवरची पट्टी ठेवलेली बरी.

२०११ च्या जूनमध्ये नॉर्वेच्या सरकारी दूरचित्रवाणीने बर्गन ते किर्केनेस हा अख्खा प्रवास थेट दाखवला होता. न थांबता, १३४ तास. लाखो लोकांनी तो पाहिला. रात्रीबेरात्री टीव्ही लावला तरी पडद्यावर डोंगर दिसत होता, हे डिसेंबरात शक्य झालं नसतं. उजेडाचं भांडवल म्हणतात ते हेच. जूनमध्ये प्रवासाच्या एकाही मैलाला अंधाराची कात्री लागत नाही. लोफोटनची डोंगररांग समुद्रातून सलग भिंतीसारखी वर येते ती बोडोनंतरच्या या संध्याकाळच्या टप्प्यात. हिवाळ्याच्या मध्यावर उत्तरेकडे जाताना ती अंधारातच राहते. ट्रोलफ्योर्ड तर जेमतेम दोन किलोमीटर लांब आणि तोंडाशी सुमारे १०० मीटर रुंद. उन्हाळ्यात जहाज रात्री उशिरा त्यात शिरतं आणि कड्यांना जवळजवळ खेटून जागच्या जागी वळतं. हिवाळ्यात हिमकडे कोसळण्याच्या भीतीने तिथे जातच नाहीत.

मग मार्चमध्ये लोफोटनला काय मिळतं? मासळी. जानेवारी ते एप्रिल या काळात बॅरेंट्स समुद्रातला कॉड अंडी घालायला इथे येतो आणि सगळा द्वीपसमूह कामाला लागतो. डोकी उडवलेले, साफ केलेले मासे शेपट्यांनी जोडीजोडीने बांधून लाकडी मांडवांवर टांगतात. मैलोगणती मांडव, वर घिरट्या घालणारे समुद्रपक्षी आणि खाली अर्धवट वितळलेला बर्फ. आपल्याकडे वर्सोव्याला किंवा अर्नाळ्याला वलांडीवर बोंबील सुकताना पाहिलेल्या माणसाला हे दृश्य आणि हा वास लगेच ओळखीचा वाटतो. फरक इतकाच की बोंबील उन्हाने सुकतो आणि हा थंडीने. शून्याच्या आसपास रेंगाळणारं तापमान, म्हणून माशा नाहीत, कडक गोठण नाही, म्हणून मांस फाटत नाही, वारा भरपूर. मीठ न लावता तीन महिन्यांत लाकडासारखा टणक झालेला हा मासा इटली आणि नायजेरियापर्यंत जातो. जूनच्या सुरुवातीला मांडव बहुतेक रिकामे झालेले असतात. पर्यटकांच्या हंगामात लोफोटन सुंदर दिसतं, पण त्याचं पोट कशावर चालतं ते मार्चमध्ये कळतं.

ट्रॉम्सोला जहाज दुपारी पोहोचतं आणि तीन-चार तास थांबतं. डिसेंबरमध्ये या ‘दुपारी’ला रस्त्यावरचे दिवे लागलेले असतात. नोव्हेंबरच्या शेवटापासून जानेवारीच्या मध्यापर्यंत सूर्य क्षितिजावर येतच नाही. मात्र याचा अर्थ चोवीस तास मिट्ट काळोख असा नाही. माध्यान्हीच्या आसपास काही तास आकाशाच्या कडेला गुलाबी आणि जांभळी झाक येते, बर्फावर निळसर उजेड पसरतो. छायाचित्रकार याच उजेडासाठी येतात. डोंगरांमुळे गावाला प्रत्यक्ष सूर्य दिसतो तो २१ जानेवारीच्या सुमारास. त्या दिवशी जामने भरलेले गोड पाव खाऊन स्वागत करतात आणि बेकऱ्यांसमोर रांगा लागतात. याच काळोख्या महिन्यांत, नोव्हेंबर ते जानेवारी, शेर्वोयच्या बाजूच्या फ्योर्डांत हेरिंग माशांच्या मागे ओर्का आणि हंपबॅक देवमासे येतात. देवमासे हाच हेतू असेल तर काळोख पत्करावा लागतो.

आता बहुतेकांच्या मनातला विषय: ध्रुवीय प्रकाश. त्याला दोनच गोष्टी लागतात, अंधार आणि निरभ्र आकाश. सौर कण पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राच्या आधाराने वातावरणात उतरतात ते वर्षभर, पण मेपासून जुलैअखेरपर्यंत उत्तरेला अंधारच नसल्याने काही दिसत नाही. म्हणून मध्यरात्रीचा सूर्य आणि ध्रुवीय प्रकाश एकाच फेरीत पाहण्याची इच्छा कोणत्याही कंपनीला पुरवता येणार नाही. सप्टेंबर ते मार्च हा योग्य काळ; त्यातही दोन्ही विषुवदिनांच्या आसपास, म्हणजे सप्टेंबर-ऑक्टोबर आणि मार्चमध्ये, चुंबकीय खळबळ जास्त होते असं निरीक्षण आहे. अमावस्येच्या जवळपासच्या रात्री मिळाल्या तर उत्तम. आपल्या घरातलं पंचांग इथे कामाला येतं. जहाजाचा फायदा असा की ते रोज जागा बदलतं. एका रात्री ढग असले तरी दुसऱ्या रात्री दोनशे किलोमीटर पुढे आकाश मोकळं असू शकतं. प्रकाश दिसला की केबिनमधल्या ध्वनिक्षेपकावर सांगतात आणि लोक पायजम्यावर जाकीट चढवून डेकवर धावतात. एक पूर्वसूचना मात्र द्यायला हवी: छायाचित्रांतला गर्द हिरवा रंग कॅमेऱ्याच्या डोळ्याचा असतो. साध्या नजरेला तो बरेचदा राखाडी-पांढऱ्या ढगासारखा सुरू होतो, आणि जोर चढला तरच हिरवा होऊन हलू लागतो.

नॉर्डकॅप ७१ अंशांवर, समुद्रापासून ३०७ मीटर उंच कड्यावर आहे. हॉनिंग्सवोग बंदरातून बसने जायचं. उत्तरेकडे जाताना इथला थांबा भर दुपारी येतो, म्हणजे मध्यरात्रीचा सूर्य या कड्यावरून पाहायची कल्पना असेल तर ती वेळापत्रकात बसत नाही. तो डेकवरूनच पाहावा लागतो. उन्हाळ्यात वाटेत चरणारी रेनडियर दिसतात, सामी लोकांनी ती चराईसाठी इथे आणलेली असतात. हिवाळ्यात शेवटच्या टप्प्यावर बर्फ काढणाऱ्या गाडीमागे रांग करून जावं लागतं आणि वारा फार असेल तर रस्ता बंद. जवळच्या ग्येस्वेर बेटांवर पफिन पक्षी साधारण एप्रिलच्या मध्यापासून ऑगस्टच्या सुरुवातीपर्यंत असतात; नंतर ते खुल्या समुद्रावर निघून जातात.

किर्केनेसला मात्र थंडीचा प्रश्न खरा होतो. समुद्राचा आडोसा सुटून मुख्य भूमीची थंडी इथे सुरू होते. जानेवारीचं सरासरी तापमान उणे अकराच्या आसपास. सफर इथे संपवून विमानाने ऑस्लोला परतता येतं. पण सवड असेल तर परतीचा प्रवासही करावा, कारण जाताना जी बंदरं रात्री येतात ती येताना दिवसा लागतात. लोफोटनच्या उत्तरेची राफ्टसुंदची अरुंद सामुद्रधुनी परतीच्या वाटेवर दुपारी येते. उन्हाळ्यात या फरकाने फारसं बिघडत नाही, कारण रात्र नसतेच. मार्चमध्ये मात्र परतीचं तिकीट म्हणजे किनाऱ्याचा उरलेला अर्धा भाग.

आपल्या सुट्ट्यांशी या किनाऱ्याचा मेळ घालायचा तर हिशेब असा होतो. मेचा उत्तरार्ध ते जूनचा पहिला पंधरवडा: महाराष्ट्रातल्या शाळा उघडण्याआधीचा काळ, डोंगरमाथ्यावर बर्फ, खाली हिरवळ, कोरडी हवा, न मावळणारा सूर्य, जून असेल तर गाईरांगरही. गणपती उरकून निघणाऱ्यांसाठी सप्टेंबर: उत्तरेच्या फिनमार्कमधली खुरटी बर्च झाडं पिवळी-केशरी होतात, रात्री अंधार परतलेला असतो आणि समुद्र अजून पुरता खवळलेला नसतो. दिवाळीची सुट्टी या किनाऱ्याला फारशी मानवत नाही. दक्षिणेत पाऊस, उत्तरेत दिवस आखूड, किनाऱ्यावर अजून बर्फ नाही. फक्त ध्रुवीय प्रकाशावर भिस्त. नाताळात गेल्यास निळा उजेड, देवमासे आणि काळोखाचा अनुभव हे सगळं हवंच आहे अशी मनाची तयारी असावी.

कपड्यांचं थोडक्यात: तापमानापेक्षा डेकवरचा वारा बोचतो. जूनमध्येही कानटोपी, हातमोजे आणि वारा अडवणारं जाकीट लागतं. मार्चमध्ये आत लोकरीचा थर आणि बुटांखाली बसवायचे खिळ्यांचे पट्टे, कारण बंदरांतल्या रस्त्यांवर वितळून पुन्हा गोठलेला गुळगुळीत बर्फ असतो. शाकाहारी जेवण मिळतं, पण आरक्षणाच्या वेळीच कळवावं. शेंगेन व्हिसाचा अर्ज सहा महिने आधीपासून करता येतो. एप्रिल-मेमध्ये मुंबईतल्या केंद्रांवर उन्हाळी सुट्टीची झुंबड उडते, त्याआधी तो मार्गी लावावा.

आई-वडिलांना किंवा मुलांना घेऊन पहिल्यांदा जाणाऱ्याला मी जूनचा पहिला आठवडा सांगेन: समुद्र शांत, पाहायला सगळं काही आणि घाई कशाचीच नाही. माझी स्वतःची पसंती मात्र मार्चच्या दुसऱ्या पंधरवड्याला. तेव्हा दिवस आणि रात्र सारखी असतात, ट्रॉम्सोत दिवस रोज आठ-एक मिनिटांनी वाढत असतो, डोंगर पायथ्यापर्यंत पांढरे असतात, मांडवांवर कॉड टांगलेला असतो आणि रात्री आकाशाकडे पाहायला अंधारही उरतो. केबिन जूनपेक्षा स्वस्त मिळते. बदल्यात फोल्डावर एखादं जेवण सोडावं लागलं, तर तेवढा सौदा मला परवडतो.